हॉलमधला सिग्नल

पुठ्ठ्यातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला कळत नाही! ही बढाई नव्हे. खोकी बनवण्याच्या कारखान्यात कटिंग विभागाचा सुपरवायझर म्हणून मी एकवीस वर्षं काढली आहेत. तीन पदरी, पाच पदरी, सात पदरी, कुठलाही असो. मी डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी पुठ्ठा मला आपलं नाव-गाव सांगून टाकतो. त्यामुळे घरच्या पार्टीची सजावट करायची वेळ आली तेव्हा मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "डेकोरेशनवाला वगैरे कुणी नको. मी आहे!"

इथेच कुणीतरी मला अडवायला हवं होतं.

निमित्त असं की शनिवारी बायको गाडी चालवायच्या टेस्टला बसणार होती. पाचव्यांदा. आधीच्या चारही वेळा नापास! आता तुम्ही हसाल म्हणून आधीच सांगतो, बाई घाबरट नाही. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. रडणारं मूल असो, शिरा लपवून बसलेले आजोबा असोत, हिची सुई पहिल्या फटक्यात बरोबर जागेवर. त्या हाताला कधी कंप म्हणून नाही! पण तोच हात गिअरवर ठेवला आणि शेजारी तपासणारे साहेब वही घेऊन बसले, की मिक्सरमध्ये हात अडकल्यासारखा थरथरतो.

आणि हा हट्ट तरी कशासाठी? तिची आई पुढच्या गावात एकटी राहते. दोन बस बदलून जावं लागतं. एरवी मी रविवारी सोडतो. पण मागे एकदा तिची आई घसरून पडली, पाय मुरगळला, आणि नेमकी त्या दिवशी आमच्या कारखान्यात स्टॉकची मोजणी. "सोडता का मला?" हिनं विचारलं. मी म्हटलं, "उद्या गेलो तर?" ती "असू दे" म्हणाली आणि दोन बस बदलून गेली. परत आल्यावर मला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घालून आली, बस्स. तो "असू दे" माझ्या कानात अजून बसलाय.

तर पार्टी करायची आणि तीही निकालाच्याच दिवशी, तिला न सांगता, असं मी ठरवलं. ती लॅबमध्ये असताना जेवणाच्या टेबलाशी आमची बैठक बसली. बैठकीत मी, माझे वडील आणि आमची बारा वर्षांची कन्या. घरातल्या सगळ्या गोष्टींवर शेवटचा शब्द कन्येचाच असल्यामुळे आम्ही तिला मॅडम म्हणतो.

"थीम काय?" मॅडमनी वही उघडली.

"फुगे लावा की, झालं!" बाबा म्हणाले.

"आजोबा, फुगे ही थीम नसते. मला वाटतं फिकट गुलाबी आणि फिकट जांभळा. एकदम शांत."

"शांत कशाला? आई पास झालीय, आजारी नाही!" मी म्हटलं. "थीम एकच. रस्ता! दारापासून केकपर्यंत काळा रस्ता, त्यावर पांढरे पट्टे, पाट्या, आणि हॉलच्या मधोमध सहा फुटी सिग्नल. आई आत आली की हिरवा दिवा लागणार!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाबा, आणि आई नापास झाली तर?"

"होणार नाही."

"पण झाली तर?"

"तो विचार करायचाच नाही!" मी टेबलावर हात आपटला. बाबांचा चहा सांडला. ठराव मंजूर झाला.

पुढचा आठवडाभर मी कारखान्यातून पुठ्ठ्याचे वाया गेलेले तुकडे आणत होतो आणि बायकोला "खोक्याचा नवा नमुना करतोय" म्हणून सांगत होतो. गॅलरीत चादरीआड कापाकापी चालायची. सिग्नल असा झाला म्हणता! पाच पदरी पुठ्ठ्याचा खांब, वर तीन गोल, प्रत्येकात बल्ब, मागे बटण. पाट्याही मीच लिहिल्या. 'सावकाश, सासरे चालत आहेत.' 'पुढे वळण आहे, घाबरू नये.' आणि भिंतभर लांबीचा फलक: 'अभिनंदन! आता रस्ता तुझा!' केक अर्थातच लाल गाडीच्या आकाराचा, चाकांना चॉकलेटची बिस्किटं.

शनिवारी दुपारी दोनला तिची टेस्ट. पाहुणे साडेतीनला. तीनच्या सुमाराला मी स्टुलावर उभा होतो. दोन्ही हातांत फलक, तोंडात चिकटपट्टी. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाऊ, ओन!" मी चिकटपट्टीतून ओरडलो.

बाबांनी फोन उचलला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबांना कमी ऐकू येतं. त्यांना कानाचं यंत्र आणलंय, चांगलं आहे, पण लावलं की त्याची बॅटरी संपते म्हणून ते यंत्र शर्टाच्या खिशात ठेवतात. खिशाला हल्ली उत्तम ऐकू येतं.

"हां, बोल बेटा," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "बरं, बरं. असू दे. तू आधी काहीतरी खाऊन घे." आणि फोन ठेवून दिला.

चिकटपट्टी तोंडातून काढून मी विचारलं, "काय म्हणाली?"

"नापास झाली."

स्टूल हललं की मी, माहीत नाही. फलकाचं एक टोक सुटून माझ्या डोक्यावर आलं. मॅडम स्वयंपाकघरातून धावत आल्या. आम्ही तिघं त्या काळ्या रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. सगळीकडे पाट्या! 'पुढे वळण आहे, घाबरू नये.'

"ती घरी आली आणि तिनं हे बघितलं तर?" मी म्हटलं.

"जखमेवर मीठ," बाबा म्हणाले. एवढं मात्र त्यांनी न ऐकता ओळखलं.

"तिला फोन करतो."

"नको!" मॅडम म्हणाल्या. "ती रडत असेल, आणि तुम्ही पण रडाल. मी मेसेज करते." आणि तिनं मेसेज पाठवला: 'आई, मन घट्ट कर. आम्ही सगळे आहोत. लवकर घरी ये.' पुढे लाल बदामांची रांग.

मी फोन आवाज बंद करून खिशात टाकला. तिचा फोन आलाच तर बोलायचं काय? आणि आम्ही कामाला लागलो.

पाहुण्यांना येऊ नका सांगायला वेळ नव्हता. म्हणून थीम बदलायची ठरली. मॅडमनी रस्ता उलटा अंथरला. कागदाची मागची बाजू तपकिरी. "ही जमीन," ती म्हणाली. "जमीन ही काय थीम आहे?" "बाबा, आता वाद नको!" पाट्या पलंगाखाली गेल्या. फलकाचं दुसरं टोक काही निघेना, म्हणून सुटलेलं टोक परत चिकटवून मी 'अभिनंदन' उपटून काढलं आणि 'रस्ता'वर घाईघाईत कागद चिकटवून 'चहा' लिहिलं. भिंतीवर झळकू लागलं: 'आता चहा तुझा!'

राहिला केक. मी बिस्किटांची चाकं काढली. चाकांविना गाडी म्हणजे लाल साबण दिसू लागला. मग त्यातलंच एक बिस्किट डोकं म्हणून पुढे लावलं, चार तुकडे पाय म्हणून खोचले.

मॅडम बघत राहिल्या. "बाबा, कासव? आईला? आज?"

"दुसरं काही जमतंय का तूच बघ!"

सिग्नल कुठे लपवायचा हा सगळ्यात मोठा प्रश्न. पलंगाखाली मावेना, कपाटामागे जाईना. शेवटी बाबा म्हणाले, "मी न्हाणीघरात घेऊन जातो." गेले. मग मला खिडकीतून खाली आमची गाडी दिसली. आल्याआल्या तिला पहिली तीच दिसणार! मी धावत जाऊन गाडीवर दोन पांढऱ्या चादरी पसरून आलो.

पाहुणे येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांचे यजमान, लॅबमधल्या तीन मैत्रिणी, आणखी सहा जण. प्रत्येकाला मी दारातच हळू आवाजात सांगत होतो, "झाली नाही. पाचव्यांदा. कृपा करून तो विषय काढू नका. गाडी, टेस्ट, पास हे शब्द तर अजिबात नकोत."

मराठी बोलणाऱ्या माणसानं 'पास' शब्द टाळून पाच मिनिटं बोलून दाखवावं, मी त्याला मानलं!

"मी सकाळपासून..." काकूंनी सुरुवात केली.

"पासून!" मॅडम कुजबुजल्या. "त्यात पास आहे!"

"मी सकाळ... मी सकाळी उठले," काकू म्हणाल्या आणि थांबल्या.

"तुमच्या घराच्या जवळपास कुठे..." काकूंचे यजमान म्हणाले आणि जीभ चावून बसले. लॅबवाल्यांची तर पंचाईतच. त्यांचा जन्म तपासणीत गेलेला! एक जण "आज आमच्याकडे रक्ततपा..." इथपर्यंत आली, तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्यानंतर कुणी काही बोललंच नाही. अकरा माणसं, खाली माना, मधे लाल कासव.

आता तिकडे काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. बायकोनं फोनवर काय सांगितलं होतं? "बाबा, आत्ता पास झाले! ह्यांना सांगा!" आणि सासऱ्यांनी उत्तर दिलं, "असू दे. काहीतरी खाऊन घे." तिला नवल वाटलं, पण सह्या, फोटो ह्यांत अर्धा तास गेला. मग फोन पाहते तो लेकीचा मेसेज: 'मन घट्ट कर. आम्ही सगळे आहोत. लवकर घरी ये.'

हिनं मला फोन लावला. मी उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा लावला! शेवटी क्लासच्या सरांना म्हणाली, "सर, किल्ली द्या." आणि त्यांना शेजारी बसवून त्यांची गाडी स्वतः दामटत घरापर्यंत आली. सर नंतर म्हणाले, "वहिनींनी एकदाही गिअर चुकवला नाही. श्वास घ्यायला चुकलो तो मीच!"

खाली येते तो काय, आमची गाडी पांढऱ्या चादरीत. वर येते तो दाराबाहेर अकरा जणांच्या चपला. आत चिडीचूप.

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी. घामानं डबडबलेली, केस विस्कटलेले. मॅडमनी जाऊन तिला घट्ट मिठी मारली. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. "धीर धर गं. माणसाचं असं होतंच."

बायको पांढरीफटक पडली. "कधी?"

"आम्हाला तीनला कळलं," मी मान खाली घालून म्हटलं.

"पण सकाळी तर चांगले होते! माझ्याशी हसून बोलले!"

मला वाटलं, टेस्ट घेणाऱ्या साहेबांबद्दल बोलतेय. "आधी हसतातच गं ते. पण मग वेळ येते."

"फार त्रास झाला का?"

"झाला ना! सगळ्यांनाच झाला. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी शेवटचं त्यांच्याशी फोनवर बोलले हो! मला म्हणाले, काहीतरी खाऊन घे. जातानासुद्धा माझ्या जेवणाची काळजी!"

"कोण जाताना?"

"बाबा!" ती ओरडली. "बाबा कुठे ठेवलेत?"

आणि न्हाणीघराचं दार उघडलं. आतून बाबा आले. एकटे नव्हे! सहा फुटी सिग्नल कवेत घेऊन, घामाघूम. आत अडचणीत कुठेतरी बटण दाबलं गेलेलं, त्यामुळे हिरवा दिवा लखलखीत पेटलेला.

"अरे, हे आत मावत नाही रे! आणि मला पण बसायला जागा..." एवढ्यात त्यांना सून दिसली.

बायकोनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून खाली गाडीपाशी थांबलेले सर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. तिनं धावत जाऊन बाबांना मिठी मारली, मधल्या सिग्नलसकट. पाच पदरी पुठ्ठा म्हणून टिकला!

"बाबा, तुम्ही आहात!"

"आहे की. न्हाणीघरात होतो."

"वहिनी, अभिनंदन!" दारातून धापा टाकत सर म्हणाले. "पेढ... म्हणजे, मला कुणी पाणी देईल का?"

"अभिनंदन कसलं?" मी म्हटलं.

"पास झाल्या ना!"

हॉलमध्ये अकरा जणांनी एकदम श्वास घेतला. मी बाबांकडे बघितलं. बाबा बायकोकडे बघत होते.

"बाबा, मी फोनवर काय सांगितलं तुम्हाला?"

"नापास झाले म्हणालीस."

"आत्ता पास झाले!"

"तेच म्हणतोय मी. नापास झाले."

"आत्ता! पास!"

बाबांनी सिग्नल माझ्या हाती दिला. खिशातून यंत्र काढलं, शर्टाला पुसलं, सावकाश कानात बसवलं. "हं. आता सांग."

"पास झाले, बाबा."

"पुन्हा सांग."

"पास झाले."

"अजून एकदा." हे त्यांनी म्हटलं, तेव्हा त्यांना स्वच्छ ऐकू आलेलं होतं. डोळेच सांगत होते.

मग जो गलका उठला! अर्धा तास दाबून धरलेले सगळे 'पास' एकदम सुटले. सकाळपासून, जवळपास, तपासणी! मॅडमनी पलंगाखालून पाट्या ओढून काढल्या, रस्ता पुन्हा उलटा केला, काळी बाजू वर. बायको एकेक पाटी वाचत हॉलभर फिरली. 'सासरे चालत आहेत'पाशी हसली. मग फलकापाशी थांबली आणि 'चहा' लिहिलेला कागद तिनं नखानं हळूच सोलला. खाली 'रस्ता' दिसला.

"हे सगळं कधी केलंत?"

"आठवडाभर चाललं होतं. ते खोक्याचे नमुने..."

"म्हणजे निकाल लागायच्या आधीच?"

"हो."

"चारदा नापास झालेल्या बाईसाठी?"

मी सिग्नलचं बटण उगीचच चालू-बंद करत राहिलो. ती स्टुलावर बसली. मग डोळे पुसून ती उठली.

"चला. एक चक्कर मारून येऊ. आपल्या गाडीतून."

"आत्ता? केक?"

"कोपऱ्यापर्यंत. पाच मिनिटं. बाबा, तुम्ही पण चला."

मी मॅडमना सांगितलं, "पाहुण्यांकडे बघ, आलोच." गाडीवरच्या चादरी ओढल्या. बाबा पुढे बसले, मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या गाडीत मागे बसलो. तिनं आरसा लावला, पट्टा लावला, माझ्याकडे आरशातून एकदा बघितलं आणि गाडी निघाली. न धक्का, न आचका.

कोपरा आला. कोपरा गेला.

"कोपरा गेला," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली.

मला तो रस्ता ओळखीचा होता. पहिल्या बसचा थांबा मागे पडला. मी तोंड उघडलं, आणि त्या आठवड्यातलं पहिलं शहाणपणाचं काम केलं: तोंड पुन्हा मिटलं. दुसऱ्या बसचा थांबाही गेला. बाबा खिडकीतून बघत होते, मधूनच "डावीकडून सायकल आहे हं" म्हणत होते. सायकल आम्हाला मागे टाकून गेली. आमचा वेगच तसला! पण हात? स्टिअरिंगवर दोन्ही हात कसे अगदी लॅबमधले. स्थिर.

सासूबाई दारात कुंड्यांना पाणी घालत होत्या. गाडी बघितली आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "आज शनिवारी कशी? कोण आलं सोडायला?"

बायको चालकाच्या बाजूचं दार उघडून उतरली.

"कुणी नाही, आई. मीच ह्या दोघांना घेऊन आलेय."

सासूबाईंच्या हातातली झारी कलली, पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिलं. त्यांनी नुसता गाडीच्या टपावरून हात फिरवला, मग लेकीच्या गालावरून. आणि चप्पल घालून म्हणाल्या, "मला पण बसव. लांब कुठेतरी ने."

मी तोंड वळवून उगीच खिशातून फोन काढला, किती वाजले बघायला. फोनचा आवाज दुपारपासून बंदच होता. त्यावर मॅडमचे एकोणतीस फोन! मी घाईनं लावला.

"बाबा," पलीकडून अतिशय शांत आवाज आला, "पाच मिनिटं म्हणाला होतात. दीड तास झाला. केक संपला. आणि निघताना तुम्ही दाराला बाहेरून कुलूप लावून गेलात."

मी खिसा चाचपला. किल्ली माझ्याकडे. दुसरी बायकोच्या पर्समध्ये. तिसरी बाबांकडे.

परत निघालो, तेव्हा सासूबाई पुढे बसल्या होत्या. बायको म्हणाली, "आता जरा वेगात घेते," आणि खरंच घेतली. मी मागे बाबांशेजारी बसून रस्ताभर फोनवर एकेका पाहुण्याची माफी मागत होतो. सर धरून बारा जण झाले!